नाळेवरचा आशीर्वाद

बोटी रंगवणारी नेदिल्का जेवून गोदीत परत आली आणि जागीच थबकली. सकाळभर वाळूचा मारा करून तिनं मासेमारीच्या ट्रॉलरचं लोखंड लख्ख उघडं केलं होतं. आता नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, गंजाचे तांबूस ठिपके उठले होते.

"बार्बा, पाणी कुणी मारलं इथे?"

बोटीचा म्हातारा मालक, बार्बा मार्तिन, हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "पाणी कसलं! आशीर्वाद आहे तो. फादर उद्या बेटावर जातायत. म्हटलं, आजच उरकून घ्यावं."

फादर वित्स्को शेजारीच उभे होते, पितळी भांडं हातात घेऊन.

"फादर, मीठ होतं त्यात?"

"मिठावाचून पवित्र पाणी कुठलं, पोरी?"

नेदिल्कानं कपाळावर हात मारला. "लोखंडाला कुठे कळतंय ते पवित्र आहे म्हणून!"

रंगाखाली मीठ राहिलं की त्याला फोड येणार, पापुद्रे सुटणार. मागच्या खेपेला बार्बानं बोट दुसऱ्या गोदीत रंगवून घेतली, तेव्हा हेच झालं होतं. आणखी एकदा पत्रा गंजला, तर बार्बाची बोट थेट भंगारात जाणार होती. त्यात दक्षिणेचा दमट वारा संध्याकाळपर्यंत येऊन ठेपणार; त्याआधी रंग वाळायला हवा. तिनं गोड्या पाण्याची नळी ओढली.

बार्बा आडवा आला. "धुवायचं नाही! आशीर्वाद धुऊन टाकलेल्या बोटीत मी पाय ठेवणार नाही."

"मग मीही ब्रश उचलणार नाही. मी लावलेला रंग आजवर सुटलेला नाही, बार्बा. तो सुटायची सुरुवात तुमच्या बोटीपासून करू?"

दोघंही हटेनात. दोरीवर वाळत घातलेले हातमोजे वाऱ्यानं हळूहळू हलायला लागले.

फादरनी भांडं खाली ठेवलं, झग्याच्या बाह्या सरसावल्या आणि नळी स्वतःच्या हातात घेतली.

"मार्तिन, माझा आशीर्वाद इतका कच्चा वाटला होय रे तुला? हो बाजूला."

नाळ त्यांनीच धुतली, चांगली घासून. नेदिल्कानं हवेच्या झोतानं पत्रा कोरडा केला, पुन्हा वाळू मारली आणि करड्या रंगाचा पहिला हात चढवला.

वारा आला तेव्हा रंग वाळला होता. पहिलीच मोठी लाट धक्क्यावर फुटली आणि खारे तुषार नाळेवर उडाले. बार्बा टोपीनं पुसायला धावला. पण थेंब रंगावरून घरंगळत खाली गेले, मागे काहीच राहिलं नाही.

"राहू द्या, बार्बा," नेदिल्का म्हणाली. "आता शिंपडू दे समुद्राला, हवं तेवढं."