लंगडायचं ते घरी

"कापू देणार नाही. विषय संपला," असं म्हणून सशाने भिंतीकडे तोंड केलं.

ससा म्हणजे एके काळचा क्लबचा सगळ्यात वेगवान फुटबॉलपटू. चेंडू त्याच्या पायात आला की समोरचे नुसती धूळ खायचे. आता पलंगापासून संडासापर्यंत जायला त्याला बायकोचा खांदा लागायचा. गुडघ्यात हाडावर हाड घासत होतं.

"तुमचं तरी ऐकतात का बघा, भाऊजी," त्याची बायको दारातल्या माणसाला म्हणाली. "माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

दारात कप्तान उभा होता. त्याच संघाचा. दोन-अडीच महिने लेकीच्या गावी राहून कालच परतला होता. वाळला होता, पण ताठ होता. लिफ्ट बंद होती.

ससा वळला. "तू जिने चढून आलास?"

"नाही, उडत आलो. अरे, दोन्ही गुडघे बदलून आलोय लेका. एकदम दोन्ही."

"थापा मारू नकोस."

कप्तानाने पँट वर ओढली. दोन्ही गुडघ्यांवर जाड पट्टे आवळलेले होते. "उघडून दाखवलं असतं, पण डॉक्टरांनी दम दिलाय."

"दुखतं?"

"लोखंडाला कुठे दुखतं?"

ससा उगाच घाबरत नव्हता. त्यांचा गोलकीपर खुबा बदलायला चालत गेला होता, आत पू झाला आणि चाकाच्या खुर्चीतून परतला. तेव्हापासून सशाने हाय खाल्ली होती.

आणि हे गुडघे काही म्हातारपणाने गेले नव्हते. सामन्याआधी सुई टोचायची, दुखणं झोपवायचं आणि पोराला मैदानात सोडायचं, ही क्लबची रीत. जो लंगडताना दिसेल तो पुढच्या सामन्याला बाहेर. त्याची विचारपूस करायलाही कुणी फिरकायचं नाही. म्हणून कप्तानाने पोरांना एकच धडा दिला होता. दुखतंय हे कुणाला कळू द्यायचं नाही. लंगडायचं ते घरी जाऊन.

कप्तान रोज यायला लागला. जिना चढायचा, सशाच्या खोलीत चार फेऱ्या मारायचा, गप्पा हाणायचा आणि उतरायचा. खाली कप्तानाची बायको थांबलेली असे. तो लगेच निघत नसे. शेवटच्या पायरीवर बराच वेळ बसून राही. ती गोळी आणि पाण्याची बाटली पुढे करी. "एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर दम लागणारच," तो शेजाऱ्यांना सांगे.

शेवटी एके दिवशी ससा म्हणाला, "समजा केलं ऑपरेशन. तर तू माझ्याबरोबर मैदानात येशील? मधोमध, त्या पांढऱ्या गोलात? स्वतःच्या पायांनी एकदा तिथे उभं राहायचंय. बाकी काही नको."

कप्तानाने गुडघ्यावरचा पट्टा चाचपला. "येईन की."

तपासण्या झाल्या. डॉक्टर सशाला म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे तुमचं, म्हणून एवढं सोपं जातंय. काहींना इच्छा असूनही आम्हाला परत पाठवावं लागतं."

कप्तान तेव्हा भिंतीवरचं गुडघ्याचं चित्र बघत होता.

ऑपरेशन नीट पार पडलं. खरी परीक्षा पुढे होती. नवा गुडघा वाकवताना ससा असा ओरडायचा की शेजारच्या खोलीतले पेशंट घाबरायचे.

"होत नाही रे! मरतो मी!"

"मरायची घाई कुणाला आहे? माझ्याकडे बघ." कप्तान शेजारच्या खुर्चीत बसायचा आणि त्याच्याबरोबर आपलाही गुडघा वाकवायचा. वाकवायचा, सरळ करायचा. पुन्हा वाकवायचा. कपाळावर घाम यायचा, पण चेहऱ्यावरची रेष हलत नसे. "बघ. काही होतंय का मला?"

"तू राक्षस आहेस," ससा म्हणायचा आणि दात आवळून अजून थोडा वाकवायचा.

काठी सुटली. मग एके दिवशी ससा एकटाच जिना उतरला आणि खाली उभं राहून त्याने बायकोला हाक मारली, नुसतं दाखवायला. ती खिडकीतून बघत राहिली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "पुरे आता, वर या."

क्लबला जुने खेळाडू आठवले ते वर्धापनदिनी. इतकी वर्षं कुणी जगलं-मेलं विचारलं नव्हतं. आता मोठ्या सामन्याआधी मिरवायला म्हाताऱ्यांची रांग हवी होती. आणि ज्या मैदानात गुडघे ठेवून आले, त्याच मैदानाच्या दारात झडती. आत जायला एकच वाट, मधे धातू पकडणारी चौकट. ती सशाच्या बायकोच्या केसातल्या पिनेलाही ओरडली.

"तुम्ही व्हा पुढे," कप्तान मागे सरकत म्हणाला. "मी इथेच थांबतो. गर्दी नको वाटते."

"अजिबात नाही! शब्द दिला होतास." सशाने आधी स्वतः चौकट ओलांडली. ती कर्कश वाजली. पहारेकऱ्याने हातातलं यंत्र त्याच्या अंगावरून फिरवलं. ते गुडघ्यापाशी किंचाळलं.

"पोलाद आहे, साहेब!" ससा छाती काढून म्हणाला. मागे वळून त्याने हात हलवला. "ये रे कप्तान, वाजव तुझा बँड! तुझे तर दोन्ही!"

कप्तान हलेना. मागची रांग कुरकुरायला लागली. मग त्याने किल्ल्या काढल्या, घड्याळ काढलं, कमरेचा पट्टा काढला, गोळ्यांची चपटी डबी काढून ट्रेमध्ये ठेवली. सशाकडे बघत, न लंगडता, तो चौकटीतून चालत आला.

चौकट गप्प राहिली.

सशाचा हलणारा हात हवेतच थांबला. पहारेकऱ्याने कप्तानाच्या गुडघ्यांवरून यंत्र एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि म्हणाला, "यांच्यात काही नाही. जाऊ द्या."