संदर्भ हवा

कळंबच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या दीपमालाकडं एका ऑनलाइन ज्ञानकोशातला लेख तपासायला आला. एकाहत्तरच्या लढाईतली एक चौकी. 'तिथले सगळे जवान जागीच शहीद झाले' या वाक्याला पुरावा नव्हता, म्हणून तिनं पुढं 'संदर्भ हवा' अशी खूण केली. त्याच चौकीवर तिचे सासरे होते.

हे कळल्यावर सासूनं, कस्तुराबाईनं, ट्रंकेतून एक जुनी तार काढून दिली. लिफाफा अजून चिकटलेलाच होता.

"तवा तार म्हंजी मरणच. फोडायची छाती झाली न्हाय. मागनं पेन्शनीचा कागद आला, मग फोडून तरी काय करायचं? तुझ्या कामाची आसंल तर बघ."

दीपमालानं लिफाफा फोडला. आत इंग्रजीत दोनच ओळी होत्या. गंभीर जखमी, पुण्याच्या दवाखान्यात आहेत. बायकोला बघायचं म्हणतात, लगेच निघा.

"काय लिव्हलंय गं?"

"तेच, आत्या. जागीच गेले."

"बरं झालं. कुणाची वाट बघत तर न्हाय पडले."



दीपमालानं लेख पुन्हा उघडला आणि 'संदर्भ हवा' ही खूण स्वतःच्या हातानं काढून टाकली.