दिवा लागेपर्यंत

गाडी त्याचीच होती. आणि आत तोच होता, सीट मागे पाडून, छातीवर बिस्किटांचा पुडा ठेवून.

ती जागच्या जागी थबकली. कोपऱ्यावरून अंडी घ्यायची होती म्हणून आज ती मागच्या फाटकाने आली, नाहीतर इमारतीखालच्या या पार्किंगमध्ये तिचं काय काम? आधी तिच्या काळजात धस्स झालं. चक्कर आली की काय याला? ती काचेवर टकटक करणार, एवढ्यात तिच्या हातातला फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप. "अजून ऑफिसातच आहे. साहेब सोडत नाहीत. माझं झाकून ठेव." काचेपलीकडे त्याने फोन मांडीवर ठेवला आणि आणखी एक बिस्कीट तोंडात टाकलं.

वा रे बहाद्दर!

घरात माणसं चार. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत, नवरा विम्याच्या कचेरीत, लेक कॉलेजात. सासरे निवृत्त, पण त्यांचाही पाय घरात ठरत नसे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. संध्याकाळी जो तो दमलेला. म्हणून चौघांनी बसून नियम केला होता, की जो पहिला घरी येईल त्याने गॅस पेटवायचा. हात वर करून मंजूर झाला होता. अण्णांनी तर दोन्ही हात वर केले होते. कोणाला जड जाऊ नये म्हणून ती रविवारी बसून आठवड्याचं सगळं ठरवायची, भाज्या चिरायची, शेंगा सोलायची, डबे भरून फ्रीजमध्ये रचायची. सोमवारी सूप, मंगळवारी अंडी-बटाटे, बुधवारी घेवडा आणि भात. नुसतं कढईत टाकायचं, बस्स. शाळकरी पोरालाही जमेल.

आणि नशीब बघा, पहिली रोज तीच यायची! कधी याला गाड्यांची कोंडी लागायची, कधी लेकीचं प्रॅक्टिकल लांबायचं, कधी अण्णांना जुना दोस्त भेटायचा. ती पदर खोचून कामाला लागायची आणि मनात म्हणायची, बिचारे, किती हाल होतात यांचे.

आज दुपारी मोठ्या मॅडमनी तिला बोलावून विचारलं होतं, दुपारपाळीची प्रमुख होतेस का? त्या जागेसाठी तिने काय काय केलं होतं! परीक्षा दिल्या, दुसऱ्यांच्या सुट्या भरून काढल्या. पण घरी पोचायला नऊ वाजणार. "नाही जमायचं हो मॅडम," ती म्हणाली होती. "पोरगी आहे, म्हातारं माणूस आहे. त्यांना वेळेवर जेवायला कोण घालणार?" मॅडम म्हणाल्या, "सकाळपर्यंत विचार कर. मग मी दुसरीला विचारीन." विचार कसला करायचा त्यात? प्रयोगशाळेचा जिना उतरताना तिने दोनदा डोळे पुसले होते.

गाडीची काच बोटभर खाली होती. फोन पुन्हा वाजला, या वेळी त्याचा. त्याने तो स्पीकरवर टाकला.

"काय अण्णा, काही हालचाल?"

"अजून अंधारच आहे रे," अण्णा म्हणाले. मागून बागेतल्या पोरांचा कालवा ऐकू येत होता. "मी बाकावरच आहे. स्वयंपाकघरातला दिवा लागला की सांगतो. आज फार उशीर केला हिने."

"बाबा, मला भूक लागलीय," मध्येच त्याच फोनवर लेकीचाही आवाज आला. तिघं एकाच कॉलवर होते तर! "मी मैत्रिणीकडे किती वेळ बसू? जाते मी वर."

"वेडी आहेस का? आधी गेलीस तर तुलाच करायला लागेल. आई येऊ दे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी चहात साखर किती घालायची यावर या तिघांचं एकमत होत नाही, आणि इथे काय ती एकजूट! म्हातारा पहाऱ्यावर, मुलगा बिस्किटं खातोय. आणि पोरीला शिकवतोय काय, तर आई येऊ दे! हीच पोरगी उद्या कुठल्यातरी घरात पहिली पोचेल, तेव्हा कळेल हिला. बिचारे म्हणे! बिचारी कोण होती इथे? या लोकांच्या पोटासाठी ती आज हातात आलेली जागा सोडून आली होती, आणि यांची पोटं गाडीत बसून तिची वाट बघत होती.

काचेवर आपटायला तिने मूठ उगारली. मग ती तशीच खाली घेतली.

ती मागच्या जिन्याने वर गेली. स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावला. फ्रीजमधून डबा काढून ओट्यावर ठेवला, शेजारी अंडी ठेवली. गॅसला हातही लावला नाही. दार ओढून घेतलं आणि आली त्याच जिन्याने खाली उतरली. उतरता उतरता तिने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, ती जागा मी घेते."

"अगं, आणि घरच्यांच्या जेवणाचं?"

"घरचे फार धोरणी आहेत, मॅडम. उपाशी राहायचे नाहीत."

ती बागेत आली तेव्हा अण्णांचा बाक रिकामा झाला होता. ती त्यावर ऐसपैस बसली. वर खिडकीत लेकीचं डोकं दिसलं, मग नवऱ्याचं, मग धापा टाकत आलेल्या अण्णांचं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. ओट्याकडे कोणी सरकेना.

तिचा फोन वाजला.

"अगं, आहेस कुठे तू?" नवरा जवळजवळ ओरडलाच. "दिवा लागलाय, भाजी ओट्यावर पडलीय आणि घरात कोणीच नाही!"

"कोणीच कसं नाही?" ती म्हणाली. "मला इथून चांगले तिघं दिसताहेत."