मोटेलमधले दोनशे बारा

हरकत घेणारा : मी.
हरकत कुणावर : मोटेलचा पत्ता दिलेल्या मतदारांवर. एकूण दोनशे बारा. यादी संगणकानेच काढून दिली. नावं न वाचता मी बटण दाबलं.

आज ओडेसा कामावर उशिरा आली. "माफ करा, मिस्टर वेंडेल. निवडणूक कार्यालयात जावं लागलं. कुणा रिकामटेकड्यानं माझ्या मतावर हरकत घेतलीय. मोटेलात म्हणे कुणी कायमचं राहत नाही! त्यापेक्षा एखादं कुत्रं पाळावं ना त्यानं."

"तू मोटेलात राहतेस?"

"तीन वर्षं झाली. तुम्ही मला ओळखता, एवढं लिहून द्याल?"

मी कागद घेतला. चार वर्षं ती माझ्या बायकोला आंघोळ घालते आहे. तिचं आडनाव मला तिलाच विचारावं लागलं.