थेंबसुद्धा नाही

बाबांचं झुडूप मेलं. नाही, मेलं वगैरे काही नाही. असं काही घडलेलंच नाही, असं घरात ठरलं आहे.

झुडूप डोंगरावरचं, रानटी, वाटाण्याच्या कुळातलं. बी इतकं टणक की बाबांनी ते पॉलिश पेपरवर घासून रुजवलं होतं. मूळ खोल जातं, खताची सोय आपली आपण करतं, वरून पाणी घातलं की मात्र कुजतं. म्हणून गुडघ्याच्या ऑपरेशनला निघताना बाबांनी मुलाला आणि सुनेला बजावलं, "त्याची सेवा करू नका. तुमची सेवा त्याला झेपायची नाही."

मुलाला दया आली. तो सकाळी गुपचूप तांब्याभर पाणी घालायचा. सुनेलाही दया आली. ती संध्याकाळी घालायची.

बाबा काठी टेकत गच्चीवर आले, तोवर आत मुळं कुजून झुडपाची वर वाळून काटकी झाली होती.

"खरं सांगा, पाणी कोणी घातलं?"

"छे हो बाबा, थेंबसुद्धा नाही!" दोघं एका सुरात म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं.

बाबा कुंडीपाशी बसले आणि म्हणाले, "म्हणजे तहानेनं गेलं बिचारं. जन्मभर माझंच चुकलं."

आता ते रोज सकाळी गच्चीवर जातात आणि शेजारच्या कुंड्यांत रुजवलेल्या, त्या झुडपाच्या उरलेल्या भावंडांना कुंडी भरून पाणी घालतात.

तरी संबंधितांस नम्र विनंती, की बाबांच्या हातातली झारी तातडीने जप्त करण्यात यावी. कारण विचारल्यास दोन्ही अर्जदार ते सांगू शकणार नाहीत.