डावी बाही

क्रीमची ट्यूब पुन्हा रिकामी झाली होती. भाविकाने ती दाबली, गुंडाळली, शेवटी कात्रीने कापली, तरी टिपूस निघेना. पंधरा दिवसांतली ही दुसरी ट्यूब! वेसाव्याच्या त्या दोन खोल्यांत आता माणसं उरली होती दोनच, ती आणि तिची आई पार्वती. आणि पार्वतीने उभ्या जन्मात तोंडाला हळदीशिवाय काही लावलं नव्हतं.

"आई, माझी उन्हाची क्रीम तू लावतेस?"

"मी कशाला लावू गो? ती तुमच्यासारक्या नाजूक बायांची. आमच्या अंगान सात पिढ्यांचं ऊन मुरलंय."

ते खरंच होतं. भर दुपारी कुत्रीसुद्धा होडीच्या सावलीला जाऊन पडत, तेव्हा पार्वती किनाऱ्यावर वलांडीपाशी उभी असायची, बांबूंवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घालत. काळी कुळकुळीत बाई, आणि त्याचाही तोरा! तिचा नवरा हरेश्वर चारचौघांत चिडवायचा, "लाइट गेली की आमची पार्वती दिसत नाय. बांगड्या वाजव सांगाय लागते."

त्या बांगड्या फक्त डाव्या हातात. जुन्या कोळणींची रीतच तशी. उजव्या हातातल्या लग्नातच दर्याला देऊन टाकायच्या, माझ्या माणसाला सांभाळ म्हणून. पार्वतीनेही दिल्या होत्या. दर्याने त्या ठेवून घेतल्या, आणि एकतीस वर्षांनी, दिवाळी तोंडावर आलेली असताना, हरेश्वरलाही ठेवून घेतलं. होडी सापडली, तो नाही. महिनाभर वाट बघून शेवटी दर्भाचा पुतळा जाळला. बायकांनी डाव्या हातातल्या बांगड्याही फोडल्या. पार्वती तेव्हा रडली नाही, मनगटाकडे नुसती बघत बसली. भाविकाला ते अजून सलत होतं.

ती लोखंडवाल्यात पार्लरमध्ये कामाला होती. दिवसभर तिथे उन्हाचंच रडगाणं. गोव्याहून आलेली कुणी बाई हात पुढे करायची, "बघ ना यार, घड्याळाचा हा पांढरा पट्टा! कधी जाणार?" भाविका हसून सांगायची, "टेन्शन नका घेऊ मॅम. तीन महिन्यांत खूणसुद्धा राहत नाही." पाठच झालं होतं तिला ते.

त्या सोमवारी पार्लरला सुट्टी होती. दूध आणायला निघाली, तर शेजारच्या वनमालाकाकीने गल्लीत अडवलं.

"भावी, तुझी आय गोरी व्हाया निघाली का काय? होडीमागं बसून क्रीम चोपडते. तिघींनी बगितलंय. नवऱ्याला जाऊन तीन महिने नाय झाले, नि नखरे बघा! दुसरं घर बगितलंय की काय?"

भाविकाचं डोकं फिरलं. लाज वाटली, पण लाजेहून मोठी होती ती भीती. बाबा इतक्या लवकर संपला? या घरातून त्याचं काहीच शिल्लक राहणार नाही?

दूधबिध राहिलं बाजूला. ती तरातरा किनाऱ्यावर गेली. ऊन मी म्हणत होतं. पार्वती वलांडीपाशी होती. लुगड्यावर हरेश्वरचा जुना फुल शर्ट. उजवी बाही कोपराच्या वर दुमडलेली, डावी मात्र ओढून बोटांपर्यंत आणलेली. डोक्यावरचा पदर घसरला होता, त्याचं तिला भान नव्हतं. थोड्या वेळाने तिने इकडेतिकडे बघितलं, कमरेची पिशवी चाचपली आणि होडीमागे जाऊन पाठ करून बसली. पिशवीतून नवीकोरी ट्यूब निघाली.

"आई!" भाविका ओरडली तशी बाजूच्या बायकांनी माना वळवल्या. "अख्खं वेसावं हसतंय आपल्याला! बाबाच्या फोटोला हार घालायला तुला सुचत नाही आणि गोरं व्हायचं सुचतंय? विसरलीस त्याला?"

पार्वतीने वर बघितलं. चेहरा तसाच काळा, रापलेला, घामाने निथळणारा. क्रीमचं बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

"फोटोतला तो भाड्याच्या कोटातला हाय," ती म्हणाली. "त्याला कसला हार घालू?"

मग तिने डावी बाही वर सारली.

काळ्या हातावर, मनगटापाशी, चार बोटं रुंद पट्टा होता. सोललेल्या कोलंबीच्या रंगाचा, उजळ, कोवळा. एक बांगडी फुटली की दुसरी चढायची, एकतीस वर्षं त्या जागेला उन्हाने कधी शिवलं नव्हतं. त्यावर क्रीमचा जाड थर होता, तेवढ्यावरच.

भाविका तिथेच वाळूत बसली.

"शर्टाची बाही घालून बगितली," पार्वती म्हणाली. "काम करताना वर सरकते. कडा काल्या व्हाया लागल्या. तो गेला, होडी इकली, बांगड्या तुमी फोडल्या. माझ्याकडं त्याचं एवरंच राहिलंय गो."

आणि दिवाळीपासून पहिल्यांदाच तिचा आवाज चिरकला. तिने मनगट लेकीपुढे धरलं, पार्लरमध्ये बाया धरतात तसं.

"तुज्याकडं येतात ना असले पट्टे? तुना ठाव असंल. खरं सांग भावी, ह्यो किती दिस टिकंल?"