राखाडी ओळ

म्हातारा दुसऱ्यांदा तेच बोलला आणि ताईंनी हेडफोन कानावर घट्ट दाबला. पहिल्यांदा ती भाषा ऐकून त्यांना भास वाटला होता.

"आग. जिन्यात आग."

अग्निशमन केंद्राच्या फोनखोलीत दुपारची पाळी चालू होती. बारा टेबलं, बारा हेडफोन. फोनच्या नोंदणीवरून पडद्यावर पत्ता आला होता, तिसरा मजला. शेजाऱ्यांचे फोन आधीच येऊन गेले होते. बंब निघाला होता, पोचायला नऊ मिनिटं लागणार होती. तेवढ्यात म्हाताऱ्याने दार उघडलं तर संपलंच.

पाळीप्रमुख मागे येऊन उभा राहिला. "कुठली भाषा? दुभाष्या जोडा ना."

ताईंनी पडद्यावरच्या यादीत बोट ठेवलं. यादीत भाषांना रंग दिलेले होते. हिरव्या सुरक्षित, पिवळ्या धोक्यात, लाल शेवटच्या घटका मोजणाऱ्या. प्रत्येकीसमोर दुभाष्याचा नंबर. ही ओळ राखाडी होती. राखाडी म्हणजे बोलणारं कुणी उरलेलं नाही. नंबरही नाही.

"मग फोनवर कोण आहे? भूत?"

"मला येते थोडी," ताई म्हणाल्या. एकवीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं.

थोडी म्हणजे किती, ते त्यांनाच ठाऊक होतं. आजी गेली तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. त्यानंतर घरात ती भाषा कुणी तोंडातून काढली नाही. धूर, गुदमरणं, सुटका, यातला एकही शब्द त्यांच्यापाशी नव्हता. होतं ते फक्त आजीचं बोलणं.

"दाराकडे जायचं नाही," त्या म्हणाल्या. "बाहेर बागुलबुवा आहे."

पलीकडे काहीतरी आपटलं. मग खोकला. "कोण गं तू? आवाज बाईचा नि बोलणं पोरीचं."

"गप. खाली बस. आता रांग. खिडकीकडे रांगत जा."

"अगं, या वयात..."

"रांग म्हटलं ना. फडकं ओलं कर. नाकावर धर. काढलंस तर मार खाशील."

"सहा मिनिटं," पाळीप्रमुख म्हणाला. "काय सांगताय त्यांना?"

"दटावतेय."

खोकला वाढला. मग कमी झाला, आणि ते जास्त वाईट होतं.

"मला झोप येतेय," म्हातारा म्हणाला.

ताईंनी आठवून पाहिलं. आजीने त्यांना झोपवायचे कितीतरी शब्द दिले होते. जागं ठेवायचे दिले नव्हते.

"झोपायचं नाही," त्या म्हणाल्या. "बोटं मोज. मोठ्याने. मला ऐकू आलं पाहिजे."

"एक," म्हातारा म्हणाला. "दोन."

त्याही बरोबरीने मोजू लागल्या. दहाच्या पुढचे आकडे त्यांना येत नव्हते, म्हणून दहा झाले की पुन्हा एक. तीन मिनिटं. दोन मिनिटं. म्हातारा एखादा आकडा गाळायचा, ताई तिथेच थांबून राहायच्या, तो म्हणेपर्यंत पुढे जायच्या नाहीत. फोनखोलीतल्या कीबोर्डचे आवाज एकेक करून थांबले.

कितव्यांदा तरी सातवर आले असताना काच फुटली. पुरुषांचे आवाज आले, बूट आपटले.

"माणसं आली," म्हातारा म्हणाला. कुणीतरी त्याला उठवत असावं, पण तो फोन सोडत नव्हता. "शहाणी आहेस गं पोरी. आता घरातल्या मोठ्या माणसाकडे फोन दे. फार वर्षांत कुणाशी बोललो नाही."

ताईंनी मान वर केली. बाकीचे अकरा जण आणि पाळीप्रमुख त्यांच्याकडे पाहत होते. पडद्यावर ती ओळ राखाडीच होती.

"घरात मोठं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मी एकटीच आहे."